अव्वाच्या दगडावरची तारीख

अण्णा,

शरणार्थ. नागपूरला सुखरूप पोचलो. वहिनींची शेंगाचटणी पुरवून खातोय.

रविवारी अव्वाच्या समाधीचा दगड माझ्या सृष्टीनं अक्षरं लावत वाचला. ‘लिंगैक्य म्हणजे?’ तिनं विचारलं. अज्जी शिवात मिळाली, म्हटलं. खालची तारीख ती गेली त्या दिवसाची, तेही सांगितलं.

‘ही तर माझ्या वाढदिवसाची तारीख!’ ती म्हणाली.

तिच्या त्या वाढदिवशी मी अव्वाला फोन दे म्हटलं, तर तू म्हणालास, ‘झोपलीय की, उठवायला नको.’ दुसऱ्या दिवशी ‘आत्ताच गेली’ म्हणालास. आम्ही पोचेपर्यंत माती उरकलेली. आईचं तोंडसुद्धा बघू दिलं नाहीस.

वहिनींची कंबर कशी आहे?

का केलंस, ते पत्रानंच कळव. फोन नको. दगडावर खरं लिहिलंस, कागदावरही लिहिशील.

तुझी धाकटी,
महेश्वरी