हिरवा टिपका

मंगळवार, दिवेलागणीला

सुनेला, प्राजूला, सकाळपासून ताप हाय. सुट्टी घे बोलले, तर म्हणते, "आई, सुट्ट्या संपल्या. घरातनंच करते काम." आणि बसली टेबलावर डोकं टेकून.

लॅपटॉपवर तिच्या नावापाशी एक हिरवा टिपका असतो. माऊस हलला न्हाय की तो पिवळा होतो, मग ऑफिसात समजतं की बाई जागेवर न्हाय. असली कसली नोकरी, टिपका राखायची?

शेवटी मीच बोलले, "जा, पड जरा. मी हलवते."

"कुठल्या बटणाला हात लावू नका हां, आई."

"गप झोप. तुझ्या नवऱ्याचा पाळणा हलवलाय मी. हा उंदीर काय जड हाय?"

एका हातानं सुकट निवडत होते, दुसऱ्या हातानं माऊस. तासाभरानं लॅपटॉप वाजायला लागला. ती उठेल म्हणून घाईत बटण दाबलं, तर समोर तिचा साहेबच! गेली हिची नोकरी, माझ्यामुळं गेली. पण खोटं तरी काय बोलू? हळूच सांगितलं, "तापानं फणफणलीय ती. माऊस मी हलवतेय."

तो हसलाच. बोलला, "काकी, झोपू द्या तिला. आज काम नको."

मग उठायचं ना मी? न्हाय उठले. जाग आली की ती पहिली त्या टिपक्याकडंच बघणार, पिवळा दिसला तर घाबरणार. म्हणून हलवत बसले.

पाच वाजता उठली. हिरवाच दिसला तिला.