ओला कापूस

दारव्हा, ८ डिसेंबर २०२४

चि. ममता हीस, धर्मपालदादाचा जयभीम व आशीर्वाद. वि. वि.

तुझा फोन माझी उर्वशीच आधी उघडते, म्हणून पत्र. जिनिंगवर कापसाच्या गाड्यांची रांग आहे. कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर मी एकटा, हलता येत नाही. पोरगी राजूरला तुझ्याजवळ आहे, एवढाच धीर.

डॉक्टरांनी ॲनोरेक्सिया नर्व्होसा सांगितल्यापासून मी मिळेल ते वाचून काढलं. हा नखरा नाही, आजार आहे. हाडं निघाली तरी आरशात तिला जाडीच दिसते. उपाशी शरीर आधी चरबी खातं, मग मांस. आणि काळीजही मांसाचंच. पाळी थांबली, दंडावर लव आली, ती त्यामुळंच. जबरदस्ती करू नको. दर रविवारचं वजन आणि काट्याचा फोटो चालू ठेव. इथं माझ्यासमोर दोन किलो वाढलं होतं. तुझ्या वरणात मीठ कमी असतं, तेवढं सुधार.

आहे ती माया वाढती ठेव.
तुझा दादा

राजूर, १७ डिसेंबर

ती. दादास, ममताचा सविनय जयभीम.

मिठाचं मागून पाहू. फोटोत वजन वाढून राह्यलं, तू खूश. पण दादा, तिच्या बांगड्या कोपरापर्यंत चढतात. मग वाढते काय? या रविवारी मी मोरीत डोकावलं, तर काट्यावर चढायच्या आधी पोरगी तांब्यावर तांब्या पाणी पिऊन राह्यली होती. काहून म्हणून इचारलं, तर रडली. म्हणे, काटा वाढला नाही तर बाबा ताटावरून उठतात. तुले सांगू नको म्हणून पाया पडली. तू ये.

रागावलास तरी लोभ ठेवजो.
ममता

यवतमाळ, २५ डिसेंबर

चि. ममता, जयभीम.

तुझं पत्र हाती पडलं त्याच दिवशी ती पडल्याचा तुझा फोन आला. तू तिला इथं दवाखान्यात आणून राजूरला परतलीस, तेव्हापासून मी खाटेजवळ आहे. पाण्यानं रक्तातलं मीठ उतरलं, म्हणून झटका आला. काळजाचे ठोके चुकतात. अन्नही एकदम देता येत नाही, उपाशी शरीराला ते सोसत नाही. हे सगळं मी वाचलेलं होतं.

वजन वाढवायला पाणी मारलेला कापूस मी गाडीत हात घालून ओळखतो. माझ्यापुढं कोणी तो खेळ करत नाही. घरी मात्र काटाच पाहत राहिलो. पोरीचा हात हातात घेतला नाही.

आज घेतला. गार आहे. डोळे न उघडता तिनं विचारलं, बाबा, किती भरलं? मी सांगितलं, काटा मोडला. दुधाचा चमचा पुढं केला, तर तोंड फिरवलं. हात मात्र राहू दिला.

नर्सबाईंनी तिच्या बांगड्या काढून माझ्याकडं दिल्या. खिशात वाजतात, म्हणून मी हलत नाही.

तिच्यावर जीव असू दे.
दादा