चालत्या इंजिनाला पाना

रत्नागिरी,
२३ मे

प्रिय साकिब,

सलाम. 'प्रिय' सवयीनं लिहिलं गेलंय, त्यावर फुशारून जाऊ नकोस. तुझ्या फोनवर मी सतरा निरोप पाठवले. सगळ्यांना निळ्या खुणा आल्या आणि उत्तर काय, तर एक अंगठा. कागदावर निदान ती सोय नाही. शेजारचा अयूब सुट्टी संपवून मंगळवारी कुवेतला परततोय, त्याच्याकडे आंब्याच्या साठांबरोबर हे पत्र देतेय. साठं तुझ्या बायकोसाठी आहेत, तुझ्यासाठी नाहीत.

बातमी एकच आहे. जानेवारीत अब्बांच्या पित्तनळीत बसवलेली प्लास्टिकची नळी अजून आतच आहे. ती तीन महिन्यांनी काढायची होती, आणि मागे राहिलेला खडाही तेव्हाच. आता मे संपत आला. कोल्हापूरहून डॉक्टरांचे दोन फोन येऊन गेले. अब्बा पडवीत जुनं जाळं सांधत बसतात आणि म्हणतात, "चालत्या इंजिनाला पाना लावायचा नाय." तीस वर्षं मच्छीमार बोटीवर तांडेलकी केलेल्या माणसाला असं बोलणं शोभतं. पण या बाबतीत हे शहाणपण त्यांचं नाही. फेब्रुवारीत येऊन तूच ते त्यांच्या डोक्यात भरून गेलास.

तुला जानेवारी वेगळाच आठवत असणार, म्हणून मी सांगते. अब्बांचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते, हुडहुडी भरून ताप येत होता. इथल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, पित्तनळीत खडा अडकलाय, कोल्हापूरला न्या, तोंडातून दुर्बीण घालून काढतील, पोट फाडावं लागणार नाही. आणि तू तिकडून हुकूम सोडलास, मी येईपर्यंत कुणी कशावर सही करायची नाही. पाठोपाठ एक व्हिडिओ धाडलास, त्यात कुणाचा तरी काका नळी घालताना मेला. कुठला काका, कुठलं गाव, काही पत्ता नाही. तू सेफ्टी ऑफिसर. पिवळं हेल्मेट घालून दुसऱ्याच्या शिडीखाली उभं राहायचं आणि 'नको' म्हणायचं, याचा तुला तिथे पगार मिळतो. घरी तू तेच काम फुकट करतोस. दोन दिवस मी तुझं ऐकलं. हायस्कूलमध्ये वीस वर्षं विज्ञान शिकवणारी बाई, आणि दोन दिवस तुझं ऐकलं. त्याची मला अजून लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी अ‍ॅम्ब्युलन्स केली. हातखंब्यापासून पालीपर्यंत तुझे तीन फोन. साखरप्याच्या पुढे घाटात रेंज गेली, तेवढाच प्रवास सुखाचा झाला. तिथल्या डॉक्टरांनी काही लपवलं नाही. म्हणाले, शंभरातल्या पाच-सात जणांचं स्वादुपिंड यानं सुजतं. बहुतेक जण आठवड्यात बरे होतात, एखादा फार आजारी पडतो, क्वचित कुणी जातोही. रक्तस्राव होऊ शकतो, आतड्याला भोक पडू शकतं, पण ते विरळा. मग मी विचारलं, काहीच केलं नाही तर? त्यांनी आकडा सांगितला नाही. नुसतं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. फॉर्म देणाऱ्या बाईनं विचारलं, मुलगा नाही का कोणी? मी म्हटलं, आहे, पण तो सल्ले देण्यासाठी ठेवलाय. आणि सही केली.

पू निघाला, ताप उतरला. खडा मोठा होता, एका खेपेत निघाला नाही, म्हणून ती नळी बसवली. आणि मग शंभरातल्या पाच-सात जणांना होणारं ते दुखणं आमच्याच वाट्याला आलं. स्वादुपिंड सुजलं. पाच दिवस अब्बांना पाण्याचा घोटही बंद होता, नुसतं सलाइन. त्या पाच दिवसांत बाहेरच्या बाकावर बसून मी माझ्या सहीला किती शिव्या घातल्या, ते आज पहिल्यांदा तुला सांगतेय. तुझा निरोप मात्र तयारच होता. 'मी सांगितलं होतं.' बस्स, तेवढाच. अब्बा कसे आहेत, हे विचारायला तुला दुसरा दिवस लागला.

अब्बा बरे होऊन घरी आले, त्याच्या अकराव्या दिवशी तुझी रजा मंजूर झाली. आठ दिवस सुरमई हाणलीस आणि बंदरावर जाऊन ज्याला त्याला ऐकवलंस की बायकांच्या हातात कारभार दिला की असं होतं. जाताना अब्बांना बजावलंस, चालतंय ना, मग परत हात लावू देऊ नका. आणि विमानात बसलास. त्या बाकावर बसलेली मी, दुर्बिणीचा धसका मात्र तुला!

गेल्या शुक्रवारी अब्बांना परत हुडहुडी भरली. अर्धाच तास. भर मे महिन्यात गोधडी ओढून पडले होते आणि मला म्हणाले, वारा लागला. डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, नळी तुंबत असणार, आता थांबू नका, येत्या शनिवारी आणाच. धोका याही खेपेला आहे, आणि तो मी अब्बांपासून लपवलेला नाही. पण तुंबलेल्या नळीचा धोका त्याहून कितीतरी मोठा. मी त्यांना त्यांच्याच भाषेत सांगून बघितलं. म्हटलं, अब्बा, पावसाळ्याआधी बोट चालती असली तरी वर ओढताच ना? बुडाला धरलेले शिंपले खरवडताच ना? ते हसले. म्हणाले, "पोरी, तुला बोटीतला काय कळतंय? साकिब नको म्हणतोय."

तर हे पत्र एवढ्यासाठी. तुझं मत बदलावं म्हणून नाही, ती आशा मी सोडलीय. मला तुझा आवाज हवाय. मी आंघोळीचं पाणी काढते, गोळ्या देते, सही करते. आणि तरी या घरात शब्द चालतो तो तुझा. हे मला चीड येईल इतकं ठाऊक आहे. बुधवारी पत्र मिळेल. गुरुवारी मगरिबच्या नमाजानंतर अब्बांना फोन कर आणि एवढंच म्हण, 'अब्बा, बोट वर ओढायची वेळ झाली, बुडाला शिंपले धरलेत.' माझं नाव काढू नकोस, तुलाच सुचलं असं वाटू दे. सगळं नीट झालं, तर बंदरावर तुझाच शहाणपणा मिरव. बिनसलं, तर दोष घ्यायला मी आहेच, सही मीच करणार आहे. तू फक्त फोन कर, साकिब.

तुझीच, इलाज नाही म्हणून तुझीच,
महरीन आपा