साक्षीदार क्रमांक चारचं नाव

प्रिय जनामावशी,

आज केंद्रात नव्या विद्यार्थ्यांचा पहिला वर्ग होता. साक्षीदाराचं नाव अहवालातून कसं काढायचं, हे मला शिकवायचं होतं. पुस्तिकेत उदाहरण म्हणून तुमचीच जबानी छापली आहे. वर लिहिलंय, 'उत्तम नमुना'. मी दोन वाक्यं वाचली आणि वर्ग सोडून दिला. म्हणून हे पत्र.

"मावशीला कोन तुमी बोलतं?" असं पहिल्याच दिवशी हसला होतात. मला जमलं नाही. अजूनही जमत नाहीये.

मी वकील नाही, हे तुम्हाला शेवटपर्यंत पटलं नाही. विधी महाविद्यालयाच्या मानवी हक्क केंद्रात विद्यार्थी जबान्या घेतात. मी मोजमापं घेते, नकाशे काढते, अहवाल मांडते. तुमच्या पाड्याचा नाला बिल्डरच्या भरावाखाली बुजला. घरांत चार दिवस पाणी थांबलं. तुमच्या यजमानांच्या, काशिनाथकाकांच्या, छातीत दुखू लागलं, त्यांना दाराच्या फळीवर घालून कमरेएवढ्या पाण्यातून नेताना ते वाटेतच गेले. त्यानंतर आम्ही आलो. आम्ही नंतरच येतो.

तुम्ही मला मिठागराच्या उघाडीवर नेलंत. भरतीचं पाणी आत घ्यायचं आणि ओहोटीला सोडायचं ते लाकडी दार तुम्ही तीस वर्षं सांभाळलंत. खांबावर कोयत्याच्या खुणा होत्या. पावसाळ्यात पाणी जिथवर चढलं तिथे एक, दरवर्षी. भरावानंतरची खूण बाकीच्यांपेक्षा हातभर वर होती. मी यंत्र लावलं. ती खूण आणि तुमच्या घराच्या भिंतीवरचा पाण्याचा डाग, दोन्ही एकाच पातळीत निघाले. दोन बोटांचाही फरक नव्हता. तुमची खूण बरोबर आहे, असं मी म्हटलं. तुम्ही म्हणालात, "म्हंजे तुजा मशिन बरोबर हाय."

संमतीच्या कागदावर तीन चौकटी होत्या: नाव छापा, नाव बदला, नाव छापू नका. मी तिन्ही वाचून दाखवल्या. तुम्ही पहिल्या चौकटीवर अंगठा उमटवलात. मी पाहिलं होतं, मावशी. पण समोरचा पक्ष दांडगा असेल तर नाव द्यायचं नाही, असा केंद्राचा नियम आहे. मी नियम लावला. पुढचं मात्र कुणी सांगितलं नव्हतं. उघाडीवर काम करणारी बाई एकच, म्हणजे कामावरूनही ओळख पटणार, म्हणून मी तुमचं कामही काढून टाकलं. उरली 'साक्षीदार क्रमांक ४, स्थानिक महिला'.

अहवाल घेऊन आले तेव्हा तुम्ही तुमच्या मुलाला, दिनेशला, पानं उलटायला लावलीत. "माजं नाव कुठं हाय?"

तुमच्या सुरक्षिततेसाठी नाव काढलंय, असं मी सांगितलं.

"कोनापासून?"

बिल्डरची माणसं तुमच्या ओट्यावर बसून पाणी प्यायली होती. तलाठी तुम्हाला नावानं हाक मारायचा. मग खरंच, कोणापासून? मी नियमाचा क्रमांक सांगितला. तुम्ही उठून कोरा चहा ठेवलात. भांडला का नाहीत माझ्याशी? दिनेशवर तर दिवसभर ओरडायचात! मला तेवढंही आपलं मानलं नाहीत. माझी तुमच्याबद्दल ही एकच तक्रार आहे.

सुनावणीत बिल्डरच्या वकिलानं तो परिच्छेद मोठ्यानं वाचला. पाण्याची पातळी एका निनावी बाईला कशी कळली, असं त्यानं विचारलं आणि दोघे-तिघे हसले. तेव्हा मागच्या बाकावरून तुम्ही उठलात.

"ती बाई मीच. उघाडी मी बघते."

सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी मान वर न करता सांगितलं, यादीत तुमचं नाव नाही, खाली बसा. तुम्ही बसलात. मी दोन खुर्च्या सोडून बसले होते, सगळ्या पातळ्या मांडीवर घेऊन. विचारल्याशिवाय तांत्रिक माणसानं बोलायचं नाही, हाही नियमच. तो मी पाळला.

मग तुमच्या नावानं प्रतिज्ञापत्र करायचं ठरलं. पण विद्यार्थ्यांच्या परीक्षा आल्या, त्यामागून मे महिन्याची सुट्टी. सत्र सुरू झालं की पहिलं काम तुमचं, असं फाइलवर लिहून आम्ही केंद्राला कुलूप लावलं. नाला बुजवणाऱ्यांना सुट्टी नसते, आम्हाला असते. तुम्ही त्या सुट्टीत गेलात. दिनेशचा फोन आला. "मॅडम, तुमची चार नंबर गेली." एवढंच बोलून त्यानं फोन ठेवला.

केंद्राच्या बैठकीत सर म्हणाले, त्यांची जबानी आपल्याकडे सुरक्षित आहे. मला तुमचा प्रश्न विचारावासा वाटला. विचारला नाही.

नाला अजून बुजलेलाच आहे. सोमवारी शेवटची सुनावणी आहे. तुमचं प्रतिज्ञापत्र आता होऊ शकत नाही, म्हणून मी माझं केलंय. पहिल्याच ओळीत तुमचं पूर्ण नाव आहे, जनाबाई काशिनाथ म्हात्रे, आणि त्यापुढे तुमचं काम. खांबावरच्या प्रत्येक खुणेची पातळी आहे. तुम्ही नाव छापायला सांगितलं होतं आणि मी ते खोडलं, हेही आहे. सरांनी वाचलं आणि म्हणाले, यानं आपला अख्खा अहवाल अडचणीत येईल, जरा जपून. नोकरीबद्दल ते काही बोलले नाहीत, पण मला समजलं.

जपून मी बरंच वागले, मावशी. त्याचं काय झालं ते दिसतंच आहे.

निकाल काय लागेल, हे मी मोजू शकत नाही, म्हणून त्याबद्दल शब्द देत नाही. एवढाच देते: सोमवारी मला कुणी विचारलं नाही तरी मी उठेन. यादीत नाव नाही, खाली बसा, असं म्हणाले तर बसणार नाही.

मृदुला रमाकांत परब
सिव्हिल इंजिनीअर, राहणार विरार पूर्व
नाव छापावे.