डोस्कें सांभाळा

अप्पा, वरच्या खोलीत अखेर कुणीतरी राहायला आलं. तुम्ही हे घर पाहिलेलं नाही. तुमचे जावई निवृत्त झाल्यावर आम्ही सोलापूर सोडून तंजावरला परतलो, नव्या वसाहतीत घर बांधलं आणि वर एक जादा खोली काढली, बाहेरगावच्या माणसांना भाड्याने द्यायला. हट्ट माझाच होता. जावयांनी खोलीचे फोटो काढून फोनवर कुठेकुठे टाकले आणि मग आम्ही वाट बघत बसलो. कुणी फिरकेना. शेवटी त्या नव्या कोऱ्या पलंगावर मी चिंच वाळत घालायला लागले. आता चिंच गच्चीवर गेली आहे, पलंगावर चादर आहे आणि मला इतका आनंद झाला आहे की सांगितल्यावाचून राहवत नाही. हे तुम्हाला लिहिते आहे खरी, पण नागरीत. तुम्ही घरात मराठी बोलायचात, हिशेब तमिळमध्ये मांडायचात आणि सही इंग्रजीत करायचात. ही लिपी तुम्हाला कधी लागली नाही. मीही ती सोलापुरातच शिकले. सुरुवातीला तिथली भाजीवाली माझं जुन्या वळणाचं बोलणं ऐकून म्हणायची, "बाई, तुमच्या घरात रोज कीर्तन असतं का हो?"

तुमचा स्टेशनजवळचा लॉज आठवतो. मालक चेन्नईत, कारभार सगळा तुमच्याकडे, भाडं कमी-जास्त करायची मोकळीकही तुम्हालाच. शाळा सुटली की मी थेट तिथे यायची आणि तुमच्या टेबलामागे स्टुलावर बसून गृहपाठ करायची. दारात आईच्या जुन्या चपला कायम मांडलेल्या असायच्या. आई स्वतः घरी, स्वयंपाकघरात, पण चपला लॉजच्या दारात. मी एकदा विचारलं तर तुम्ही म्हणालात, "परगांवची बाई आंत येण्यापूर्वीं खालीं पाहते. बाईच्या चपला दिसल्या कीं तिचा जीव भांड्यांत पडतो." मोठं देऊळ बघायला आलेले लोक उतरायचे, त्यांत महाराष्ट्रातलेही असायचे, आणि ते आले की माझा गृहपाठ बंद पडायचा. कारण ते तुमच्यासमोरच आपापसात मराठीत बोलायला लागत. समोरचा तमिळ माणूस, त्याला काय कळणार! भाडं जास्त आहे, बाथरूमला वास येतो का, हा माणूस विश्वासाचा वाटतो का, सगळं मोकळेपणाने. आणि तुम्ही देवळातल्या द्वारपालासारखे उभे. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलायची नाही.

मग तुमचा खेळ सुरू व्हायचा. एखादी बाई नवऱ्याला हळूच म्हणायची, "अहो, एवढं दिलं तर परतीच्या प्रवासात काय खायचं?" आणि तुम्हाला अचानक मागची खोली आठवायची. "वन मोर रूम, सार. गुड रूम. विंडो लिटिल बॅड. सो रेट कम." त्या खिडकीला काही झालेलं नसायचं. पुढच्या माणसाला त्याच खोलीचा पंखा आवाज करायचा, त्याच्या पुढच्याला भिंतीला ओल असायची. त्या एका खोलीला तुम्ही इतके रोग लावलेत की ती उभी राहिली कशी, याचंच मला नवल वाटायचं. माणसं खूश होऊन वर जायची, आणि तिथे जिन्याच्या वळणावर ती ठेंगणी तुळई. नवा माणूस हमखास तिच्यावर आपटायच्या बेतात असायचा. तुम्ही मागून किल्ली घेऊन यायचात आणि ऐन वेळी ओरडायचात. काय ओरडायचात ते पुढे येईलच.

तुम्ही मला रागावलात तो दिवसही त्या टेबलापाशीचाच. एक गृहस्थ बायकोला म्हणाले, "हा मिशीवाला चांगलाच लबाड दिसतो, पैसे आगाऊ देऊ नकोस." मला हसू आवरेना. वही तोंडाशी धरली तरी खांदे हलायला लागले. तुम्ही मान न वळवता तमिळमध्ये मला घरी पिटाळलंत. संध्याकाळी आई डोसे घालत होती, मी पाटावर बसून वाट बघते आहे, आणि तुम्ही आत येता, मिशी चांगली पिळलेली, आणि आईला म्हणता, "लबाडास दोन डोसे वाढ." आई आणि मी हसून हसून बेजार. पण मग तुम्ही माझ्याकडे वळलात. "गे, परगांवीं माणूस भिऊन बोलतें. त्यास बोलूं द्यावें. मला कळतें हें त्यास कळलें, तर तें लाजेल, आणि पैसे थोडे आहेत हें सांगणार नाहीं. मग आपण खोली कशी द्यावी?" मी म्हटलं, आपण मराठी बोललो तर त्यांना किती बरं वाटेल! तुम्ही म्हणालात, "जातांना बरें वाटूं दे. येतांना सुम्मा बैस, उगी."

एक गोष्ट मात्र तुम्हाला कायम कोड्यात टाकायची. डोक्याला तेल लावता लावता तुम्ही आईला विचारायचात, "काय गे, महाराष्ट्रांत कांहीं झालें आहे काय? येतो तो खोली महाग म्हणतो. एके काळीं येथें राज्य केलेली माणसें!" आई म्हणायची, राज्य गेल्यावर कुणाकडे काय उरतंय, तुम्हीच बघा ना स्वतःकडे.

आणि ती कडी. माझ्या लग्नात सगळ्यांनी समया दिल्या, तुम्ही बाजारातून पितळेची जाडजूड कडी आणलीत, स्क्रूसकट. आई चार दिवस तुमच्याशी धड बोलली नाही. निघताना तुम्ही ती माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "घर कसलेंही मिळो, आंतली कडी आपली असावी." मला तेव्हा रडू येत होतं म्हणून मी नीट ऐकलं नाही, पण सोलापुरात जितकी भाड्याची घरं केली तितक्या घरांना मी ती बसवली आणि सोडताना काढून घेतली. तुमचे जावई सुताराला सांगायचे, आमच्याकडे बायको आणि कडी एकत्रच येतात. ती आता वरच्या खोलीच्या दाराला आहे.

परवा सकाळी फाटक वाजलं. बाहेर एक वयस्कर बाई आणि त्यांची उंच, काटकुळी नात, दोघी घामाघूम. चेहऱ्यावरूनच ओळखलं की कुठल्या. बाई आधी खाली बघत होत्या, उंबऱ्याशी मी मुद्दाम मांडून ठेवलेल्या माझ्या चपलांकडे. "रूम है?" त्यांनी विचारलं. जीभ नुसती वळवळली अप्पा, पण मी तुमची मुलगी. "है, है, कम, कम," म्हणून त्यांना आत घेतलं, भाडं सांगितलं आणि कॉफी ठेवली. आजी खुर्चीत टेकल्या आणि नातीशी मराठीत सुरू झाल्या. बोलण्यावरून सगळं उलगडलं. मिरजेहून आलेल्या. नातीला इथे एका कारागिराकडे दोन महिने राहून फणसाच्या लाकडातून वीणा घडवायला शिकायचं होतं. कारागीर तयार होते, राहायची सोय मात्र नव्हती.

"आजी, सकाळपासून जागाच बघतोय," नात म्हणाली. "एका ठिकाणी आतून कडी नव्हती. दुसरीकडे कडी होती तर भाडं ऐकून तू जिन्यातच बसलीस."

"मग काय करू? तुझ्या बाबाने दिलेत तेवढ्यात भागायला हवं. आणि जागा धड नसेल तर वीणा राहू दे, तू माझ्याबरोबर आज गाडीत बसायचंस. आधीच सांगून ठेवते."

नातीने कॉफीचा पेला दोन्ही हातांनी धरला होता, आणि त्या हातांवर लाकूडकामाचे जुने ओरखडे होते. ही मुलगी परत जाता कामा नये, एवढंच मला सुचत होतं. आजींनी माझ्याकडे बघून गोड हसून नातीला सांगितलं, "बाई बऱ्या दिसतात. पण हिने सांगितलेलं भाडं निम्मं असतं तर देवच पावला म्हटलं असतं."

तुम्हाला खिडकी सुचायची, पंखा सुचायचा. मला ऐन वेळी काही सुचेना. खोली तर नवी कोरी. शेवटी तोंडातून निघालं, "रूम गुड. बट नेक्स्ट हाउस नादस्वरम बजाता है. रोज मॉर्निंग. बहुत लाउड. इसलिए रेट हाफ." जावई पेपर वाचत होते, त्यांनी पेपर खाली केला. शेजारी एक निवृत्त बँकवाले राहतात आणि त्यांना शिट्टीही वाजवता येत नाही. जावयांचं तोंड उघडतंय तोवर मी तमिळमध्ये दटावलं, "सुम्मा इरुंगो." ते पुन्हा पेपरमागे गेले. नातीचे डोळे मात्र चमकले. "आजी, नादस्वरम! इथली सनई, रोज सकाळी फुकट!" आता दोष म्हणून सांगितलेली गोष्टच पोरीला आवडली तर मी काय करणार?

आजी म्हणाल्या, खोली तर दाखवा. मी पुढे, मग आजी, मागे नात बॅग उचलून, मान खाली घालून. आमच्या जिन्याच्या वळणावर गवंड्याने छज्जा खाली घेतला आहे, माझं आणि जावयांचं डोकं त्याखालून आरामात जातं. पण ही पोर ताडमाड. मी सहज मागे वळले, आणि बघते तर तिचं कपाळ आणि छज्जा यांत वीतभर अंतर.

"डोस्कें! डोस्कें सांभाळ गे!"

नात जागच्या जागी थांबली. आजी माझ्याकडे वळल्या, आणि मग कठडा धरून पायरीवर बसल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांना पदर लावला. "आलं बाई, आलं! वडिलांचं जसंच्या तसं!" मी खांबासारखी उभी. त्या म्हणाल्या, "अगं, लग्न झाल्या झाल्या आम्ही दोघं तुमच्याच लॉजवर उतरलो होतो. आमचे हे उंच. जिन्यात तुझे वडील अस्सेच ओरडले. वर खोलीत गेल्यावर हसून हसून पोटं दुखली आमची. म्हणजे ह्या गृहस्थांना सगळं कळतंय! मग दुसऱ्या दिवशी ह्यांनी मुद्दाम त्यांच्यासमोर मला म्हटलं, आणखी राहायचं होतं गं, पण खिशात नाही. लगेच पंखा बिघडला!" या वेळी त्यांनी लॉज शोधला तर तिथे मोबाइलचं दुकान, शेजारच्या कॉफीवाल्याने आमचा पत्ता दिला, म्हणून त्या आल्या होत्या. मी कोण हे त्यांना फाटकातच माहीत होतं.

आणि पुढचं ऐका अप्पा. त्या म्हणाल्या, "मिरजेत आम्ही ज्याला त्याला सांगायचो, तंजावरला गेलात की त्या लॉजवर जा. मागू नका काही. मॅनेजरसमोर आपली अडचण मराठीत बोला आणि गप्प उभे राहा."

महाराष्ट्रात काही झालं नव्हतं अप्पा. मिरजेत तुमची कीर्ती झाली होती.

नातीने दार लावून पाहिलं, कडी सरकवली, खांद्याने दार ढकलून पाहिलं, आणि आतूनच ओरडली, "आजी, ही हलतसुद्धा नाही!" आजींनी माझा हात धरला. संध्याकाळच्या गाडीने त्या एकट्याच गेल्या. भाड्यात आणखी थोडे वाढवते म्हणाल्या, मी म्हटलं, नादस्वरमचं काय मग? त्यांच्याकडे पैसे खरोखर कमी होते की ती मिरजेची रीत, ते मी विचारलं नाही. नात आता सकाळी कारागिराकडे जाते, केसांत लाकडाचा भुसा घेऊन परत येते, माझं तंजावरी मराठी बोलायला शिकते आहे आणि रोज विचारते, आज नादस्वरम वाजलं नाही ते? ते गावाला गेलेत, मी सांगते. दिवेलागणीला ती वर जाते, कडीचा खट् आवाज येतो, आणि मी खाली भाजी चिरता चिरता उगीचच हसते.

तुम्हाला माहीत होतं का, की मिरजेच्या माणसांना सगळं माहीत आहे? मालक ती तुळई उंच करून द्यायला तयार होता, तुम्हीच दर वेळी पुढच्या वर्षी बघू म्हणायचात. जावई काल म्हणाले, पोरीचं डोकं फुटेल, गवंडी बोलावून छज्जा वर घेऊ. मी सांगितलं, राहू दे, उगाच खर्च. ते खोटं होतं. खर्चाचं मला काही नाही; मराठीत ओरडायला मलाही एक जागा हवी.