सूनबाईंचा वॉर्ड

मामंजी, तुमचा वॉर्ड पुन्हा बायकांसाठी राखीव निघाला आणि या वेळी तुमची नात उभी राहिली. हे तुम्हाला सांगावं असं दुसरं कोणाला वाटणार नाही. सासूबाई तुमच्या मागोमाग गेल्या आणि तुमच्या मुलाला जाऊनही आता बरीच वर्षं झाली. त्याचं नसणं मला रोज सोसावं लागतं. तुमचं सोसावं लागलं नाही. तुम्ही जिवंत असताना हे वाक्य माझ्या तोंडून निघालं नसतं, पण आता तुम्ही ऐकून घेण्याशिवाय काही करू शकत नाही, म्हणून लिहिते आहे.

वॉर्ड पहिल्यांदा राखीव झाला ती बातमी आली तेव्हा तुम्ही जेवत होता. तोवर पार्षद, माझ्या माहेरच्या भाषेत नगरसेवक, तुम्हीच. मी पोळी वाढायला आले आणि तुम्ही माझ्याकडे असं पाहिलं, जसं स्कूटर बंद पडल्यावर माणूस अंगणातल्या जुन्या सायकलीकडे पाहतो. म्हणालात, "सूनबाई, तू उभी राह्य. बाकी मी पाहून घेईन." सासूबाई घाबरल्या. "अहो, तिला हिंदी कुठे धड बोलता येते?" "काहून यायला पाहिजे? बोलायचं कोणाले आहे?" असं म्हणून तुम्ही हसलात, तुमचा मुलगा हसला, म्हणून मीही हसले. मी यवतमाळकडच्या खेड्यातून आलेली, मराठी सातवी पास. जबलपुरात येऊन मला फार दिवस झाले नव्हते. भाजीवाल्याशी बोलतानाही घाम फुटायचा. निवडून आल्यावर तुम्ही स्वतः बड़ा फुहाऱ्याच्या बाजारात जाऊन माझ्यासाठी साडी आणलीत, जांभळी, बारीक जरीची. तुमची निवड चांगली होती. शपथ तुम्ही रोज संध्याकाळी माझ्याकडून घोकून घेतलीत आणि मी एकाही शब्दाला अडखळले नाही. मंचावरून उतरून आले तर तुम्ही शेजारच्या माणसाला सांगत होता, "देखा? तोते को सिखा दो तो वो भी बोल लेता है." मी ती साडी त्यानंतरही नेसले. साडीचा काय दोष.

मग ती पाच वर्षं. पुढच्या खोलीत तुमची खुर्ची, तुमच्या बंडीच्या खिशात माझी मोहर, पार्षदाचा शिक्का. लोक तुम्हाला पार्षद जी म्हणत आणि मला बहूजी. कागद आत यायचे, तुम्ही बोट ठेवायचा, मी सही करायची. मी मुद्दाम हळू करायचे, कारण सही होईपर्यंत वरच्या ओळी वाचून व्हायच्या. माझी हिंदी तशी झाली. शाळेत नाही, तुमच्या बोटाच्या वर. "निविदा" म्हणजे काय, हे मी शब्दकोशात शोधलेलं मला आठवतं. एकदा तुम्ही पाहिलंत. "वाचून काय करून राहिली? सही कर, माणूस उभा आहे." पण वस्तीतल्या बायका पुढच्या खोलीत येत नसत. त्या मागच्या बाजूने स्वयंपाकघराच्या खिडकीशी यायच्या, मी भाजी चिरत असताना. मदन महलच्या टेकडीच्या पायथ्याच्या त्या वस्तीत बायकांसाठी शौचालय बांधलं होतं आणि त्याला दारं नव्हती. फोटो काढायच्या दिवशी होती, मग ठेकेदाराची माणसं काढून घेऊन गेली. बायका जोडीने जायच्या. एक आत, दुसरी बाहेर पदर पसरून. त्यातली एक मला म्हणाली, "बहूजी, पल्लू भी अब फट गया है." म्हणाली आणि हसली. मला हसू आलं नाही.

निगमाच्या, म्हणजे महापालिकेच्या, सभागृहात मी एकदाच उभी राहिले. कोणी बोलावलं नव्हतं, हातात कागद नव्हता. एवढंच म्हटलं, "शौचालय में दरवाज़ा नहीं है. औरतें कैसे जाएँगी?" आधी हशा झाला, मग समोरच्या बाकावर कोणीतरी टेबल बडवलं आणि गोंधळ उठला. ठेकेदार तुमचा मित्र होता. आपल्या ओसरीवर बसून माझ्याच हातचे पोहे खायचा. त्या संध्याकाळी तुम्ही मला एक शब्द बोलला नाहीत. मला वाटलं, निभावलं.

सकाळी सुतार येतो. तुम्ही त्याला मागच्या अंगणात नेता आणि न्हाणीकडे बोट दाखवता. "दार काढ." तो म्हणतो, "खराब तो नहीं है बाबूजी." तुम्ही आवाज चढवत नाही, तुम्ही कधीच चढवला नाहीत. "पार्षद बाईंना दारांची फार काळजी आहे. बिनदाराचं कसं असते, पाहू दे त्यांना." सुतार माझ्याकडे न पाहता बिजागऱ्या काढतो. दार तिथेच भिंतीला टेकवून ठेवायला सांगता, मला रोज दिसेल असं. मामंजी, त्या अंगणावर शेजाऱ्यांची गच्ची होती आणि तुमच्याकडे येणारे लोक चूळ भरायला तिथल्याच नळावर जात. सासूबाई चादर धरून उभ्या राहायच्या. थोड्या वेळाने चादर खाली यायची, आणि त्या शिव्या मला द्यायच्या. "कशाला तोंड उघडलंस गं बाई, माझे खांदे भरून आले." तुमचा मुलगा मित्राकडे जाऊन आंघोळ करून यायचा, केस विंचरून, पावडर लावून. मी त्याच्यावर तरीही जीव लावला. तो गेला तेव्हा मी जमिनीवर पडून रडले आणि अजून त्याच्या बाजूची उशी मी उचलली नाही. माणसाला हे दोन्ही जमतं. कसं, ते मला विचारू नका.

ठेकेदाराचं अडकलेलं बिल निघालं आणि तुम्ही दार बसवून घेतलंत. वस्तीतली दारं माझ्या मुदतीत बसली नाहीत. सभागृहात मी पुन्हा उभी राहिले नाही. लोकांना वाटलं, बाईला काही सुचत नसेल. मला आंघोळ करायची होती, एवढंच.

आता तुमच्या नातीचं ऐका. तिच्या कॉलेजात मुलांचं खोटं सभागृह भरवलं होतं. मुलंच महापौर, मुलंच पार्षद, मुलंच आयुक्त. मला माजी पार्षद म्हणून बोलावलं, शाल दिली. एका साहेबांनी भाषण केलं की युवकांनी निगमात यावं, नोकरीत यावं, निवडणुकीत यावं, शहर त्यांचंच आहे. मुलं टाळ्या वाजवत होती आणि मोबाइल बघत होती. मग एका मुलीने माइक घेऊन मला विचारलं, "आंटी जी, आप बताइए, हम लोगों को आना चाहिए क्या?" मी म्हटलं, "आओ बेटा. पर घरवालों को घर पे छोड़ के आना." सभागृह हसून लोटपोट झालं. विरोधी पक्षाच्या बाकावर बसलेली तुमची नात तेवढी हसली नाही. परतताना रिक्षात तिने विचारलं, "आई, तू खऱ्या सभेत काय बोलायचीस?" "एकदा बोलले." "मग?" मग मी सांगितलं. तोपर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं. आपल्याकडच्या गोरखपुर मोहल्ल्याच्या बाजारात रिक्षा अडकली होती आणि तो रिक्षावाला मागे वळून ऐकायला लागला, तरी मी थांबले नाही. ती घरी येईपर्यंत नखं खात राहिली.

वॉर्ड राखीव झाल्याचं कळताच पक्षाची माणसं घरी आली. माझा मुलगा, तिचा दादा, त्यांच्यात बसून म्हणाला, "तू फक्त उभी राह्य, बाकी मी पाहून घेतो." त्याने तुमच्या तोंडून हे कधी ऐकलं नव्हतं, तेव्हा तो जन्मलाही नव्हता. पक्षाचा माणूस म्हणाला, "दीदी चेहरा हैं, काम तो भैया सँभाल लेंगे." आणि ती मान खाली घालून म्हणाली, "जी." आत आल्यावर मी तिला धरलं, "सगळं ऐकूनही?" तर म्हणते, "आई, तिकीट तर हातात येऊ दे." त्यानंतर दादा उन्हातान्हात फिरला, आपलं दुकान बंद ठेवून, घसा बसेपर्यंत. मनाने तो वाईट नाही, मामंजी. तो तुमच्यासारखा नाही. बहीण जिंकली तेव्हा तो गुलालाने माखून माझ्या पाया पडला.

पहिल्या सकाळी तो नवा कुर्ता घालून तुमच्या खुर्चीत बसला. लोक जमले होते. ती बाहेर आली. "दादा, ऊठ." तो हसला, "अगं बस ना तिकडे, अर्ज मी घेऊन राहिलो." तेव्हा ती हिंदीत बोलली, सगळ्यांना कळावं म्हणून. "भैया, आपका कोई काम हो तो बाहर लाइन में बैठिए. बारी आएगी तो बुला लूँगी." त्याला वाटलं गंमत आहे. मग त्याने तिचा चेहरा पाहिला आणि उठला. कोणीतरी म्हणालं, "भैया, लाइन मेरे पीछे से है," आणि सगळे हसले. निघून जावं तर माणसं बघत होती, म्हणून तो खरंच बाकावर बसला. तिने सगळ्यांची कामं केली, मधे एका म्हाताऱ्याला अर्ज नीट लिहून आणायला परत पाठवलं, आणि अगदी शेवटी त्याला बोलावलं. "बोलिए, क्या समस्या है?"

तो माझ्याकडे स्वयंपाकघरात आला आणि लहान पोरासारखा रडला. "आई, तू तरी तिला काही म्हण ना." मी तिला काही म्हटलं नाही. आता त्याने मदन महलचं हे घर सोडून दुसरीकडे बिऱ्हाड केलं आहे आणि माझ्याशी फोनवर तेवढ्यास तेवढं बोलतो. ती चांगली पार्षद होईल की तुमच्यासारखी, हे मला अजून कळत नाही. तीही आवाज चढवत नाही. तुमचा फोटो तिने मागून घेतला आणि खुर्चीच्या मागे लावला. "जुने लोक तो बघून मत देतात, आई," म्हणाली.

हे मी घडी करून डाळीच्या डब्याखाली सारणार आहे, तिथे कोणी हात घालत नाही. एक राहिलं. माझा मुलगा त्या बाकावर मान खाली घालून बसला होता, तेव्हा मी पडद्याआड उभी होते. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण ते नंतर वाटलं. आधी गोड वाटलं.