तुमची मातकट बॅग

प्रिय अहो,

पत्रात तरी नाव लिही, असं आपली पल्लवी म्हणाली. पण सवय नाही हो! लग्नात उखाण्यात एकदा घेतलं आणि त्यानंतर अजून एकदाच, ते पुढं सांगते. तेव्हा अहोच बरं.

आज तुमची शिकारीची बॅग खुंटीवरून काढली. तुम्ही गेल्यापासून ती शिलाई मशीनच्या मागं, भिंतीकडे तोंड करून लटकत होती. मी रोज तिच्याकडे पाठ करून ब्लाऊज शिवत होते. आता पल्लवीला ती पाहिजे आहे. कॉलेजला सुट्ट्या लागल्या, पोरगी यवतमाळहून घरी आली आणि जेवताना म्हणाली, मी रविवारी शिकारीला जाते, बाबाचा गळ कुठं ठेवला? मी हो म्हटलं नाही आणि नाही पण म्हटलं नाही. उद्या रविवार आहे. तुम्हाला नाही विचारायचं तर कोणाला विचारू?

शिकार! आठवतं का, लग्न ठरताना माझ्या वडिलांना कोणीतरी सांगितलं होतं की आर्णीचा मुलगा चांगला आहे, शेती आहे, फक्त शिकारीचा नाद आहे. वडील घाबरून गेले. त्यांनी भर बैठकीत विचारलं, बंदूक कुठं ठेवता? तुम्ही आणि तुमचे दोस्त युनूसभाई एकमेकांकडे बघून असे हसले की माझी आई आतून बाहेर आली. मग समजलं, गळ टाकून तलावाच्या काठी दिवसभर बसायचं, याला तुमच्याकडे शिकार म्हणतात. आणि बरेचदा त्या शिकाऱ्याच्या हातात घरी येताना काय असायचं? बाजारातून घेतलेली मेथीची जुडी.

शिकारीचा कायदा मात्र कडक. तो युनूसभाईंनी तुम्हाला शिकवला आणि तुम्ही मला. लग्नानंतर पहिल्यांदा तुम्ही गळ घेऊन निघाले तेव्हा मी सहज विचारलं, कुठं चालले? तुम्ही चपला काढल्या, गळ कोपऱ्यात ठेवला आणि खाटेवर जाऊन आडवे झाले. मला वाटलं, माझं काय चुकलं बाई! युनूसभाई बाहेर गाडी चालू ठेवून उभे होते. त्यांनी गाडी बंद केली आणि दारातूनच मला समजावलं, "भाभी, शिकारीले निघालेल्या माणसाले कुठी चालले म्हणून विचारू नोका. पाण्याले खबर लागते, मंग मासोळी येत नाही."

तेव्हापासून मी कधी विचारलं नाही. पाहुण्यांनाही विचारू दिलं नाही. तुम्ही निघाले की डब्बा हातात द्यायचा आणि दुसरीकडे बघायचं. फोन तर तुम्ही फ्रिजवरच ठेवून जायचे, तो वाजला की मासे पळतात म्हणून. एका नवऱ्याचे किती लाड करायचे!

आणि ती बॅग घेण्याचा दिवस. आधी तुम्ही पल्लवीची शाळेची जुनी बॅग वापरायचे. तिच्यावर गुलाबी ससा होता. एकदा धरणाच्या भिंतीवर तिचा पट्टा उखडला आणि चहाचा थर्मास दगडावर पडून फुटला. तुम्हाला थर्मासपेक्षा सशावरून लोक हसले याचं जास्त लागलं होतं. मग आपण खास त्यासाठी यवतमाळला गेलो. तुमची अट एकच, स्वस्त पाहिजे आणि जन्मभर टिकली पाहिजे. मी म्हटलं, असं तर लग्नाचं स्थळही मिळत नाही.

दुकानदाराला आपण किती पिडलं त्या दिवशी! प्रत्येक बॅग मी उलटी करून आतून बघत होते. शिवणारीला वरचा दिखावा काय करायचा? पट्टा बॅगेला जिथं धरतो तिथं चौकोन आणि चौकोनात फुली, अशी शिलाई पाहिजे. आतल्या शिवणीला पट्टी मारलेली पाहिजे, नाही तर धागे सुटतात आणि चेनमध्ये अडकतात. चेन जाड प्लास्टिकची, कारण धातूची पाण्यानं गंजून बसते. नावाची बॅग होती एक, मोठ्या किमतीची, पण तिच्या पट्ट्याला साधी एकेरी शिलाई. तिच्या बाजूला बिननावाची जाड कापडाची होती, निम्म्याहून कमी भावात. ती मी तुमच्या हातात दिली.

तुमची परीक्षा वेगळीच. तुम्ही ती बॅग पाठीवर टाकली आणि भर दुकानात उकिडवे बसले, तलावाच्या काठी बसतात तसे. मग हात न टेकता उठले. पुन्हा बसले. दोन बायका हसत बाजूनं निघून गेल्या. तुम्ही म्हणाले, पाठीत रुतत नाही, चालते.

भांडण झालं ते रंगावरून. मी म्हटलं, ती शेंदरी घ्या ना, कुठं बसले ते लांबून दिसेल तरी! तुम्ही मातकट रंगाची छातीशी धरून बसले.

"तुले काय समजते वं? मासोळीले रंग दिसते. मातीतच बसाचं हाय, तर मातीचाच रंग घ्या लागते."

मी ऐकलं. काहून ऐकलं मी? एरवी मिठाच्या पुडीवरून तुमच्याशी भांडणारी बाई मी, त्या दिवशीच कशी शहाण्यासारखी गप्प बसली?

त्या शेवटच्या सकाळी युनूसभाई लग्नासाठी महागावला गेले होते. तुम्ही एकटेच निघाले. मी डब्बा दिला आणि नेहमीसारखं दुसरीकडे बघितलं. तुमचा चेहरासुद्धा नीट बघितला नाही हो मी, तुमच्या त्या कायद्यापायी!

दिवस कलला तरी तुम्ही आले नाही. अंधाराच्या आत घरी येणारे तुम्ही. मी शेजाऱ्यांना सांगितलं. त्यांनी विचारलं, वहिनी, कुठं गेले? एवढे तलाव आजूबाजूला, नदी आहे, धरण आहे. मी काय सांगू? नवरा कुठं गेला हे ज्या बाईला ठाऊक नाही तिच्याकडे लोक कसं बघतात, ते मी त्या संध्याकाळी बघितलं. युनूसभाई महागावहून लग्नाच्या कपड्यातच परत आले. त्यांना तुमच्या जागा माहीत होत्या. एकेक जागा बघत आम्ही पाझर तलावाच्या बांधावरूनही गेलो. तिथं मी तुमचं नाव घेतलं. मोठ्यानं, सगळ्या माणसांसमोर, पुन्हा पुन्हा. तुम्ही ओ दिली नाही.

तुम्ही तिथंच होते. समोरच्या काठाला, बाभळीखाली. तुमचा स्वेटर मातकट, तुमची बॅग मातकट. गाडी माणसाएवढ्या तुरीत लावलेली. बॅटरीच्या झोतात कोणाला काही दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बकऱ्या चारणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईला तुम्ही दिसले. बॅग शेंदरी असती तर? मी विचारलं असतं तर?

हार्ट अटॅक, डॉक्टर म्हणाले. पोहोचल्या पोहोचल्या झटक्यात गेले, त्रास झाला नाही, असं सगळ्यांनी मला सांगितलं. मी मान हलवली. पण बॅग माझ्याकडे आली तेव्हा मी डब्बा उघडला होता. भाकरी संपली होती, वांग्याची भाजी संपली होती. मिरचीचं देठ तेवढं राहिलं होतं आणि डब्बा तलावाच्या पाण्यानं विसळून, झाकण घट्ट लावून ठेवलेला होता, तुम्ही नेहमी ठेवायचे तसा. म्हणजे तुम्ही जेवले. दुपारपर्यंत होते तुम्ही. त्यानंतर कधी, किती वेळ, हे मला कोणी सांगू शकत नाही. हे मी कोणालाच बोलले नाही, पल्लवीलाही नाही. तुम्हालाच पहिल्यांदा सांगते. जेवण गोड लागलं का हो?

बॅगेचं म्हणाल तर तिची एक शिवण उसवली नाही. चेन अजून लोण्यासारखी चालते. जन्मभर टिकली पाहिजे म्हणाले होते ना? बॅग टिकली. तुम्ही नाही टिकले. याचा मला इतका राग आहे की कधी कधी वाटतं, कात्री घ्यावी आणि तिचे तुकडे करावे.

पोरीला ही बॅग द्यायची नाही म्हणून परवा मी तिला नवी घ्यायला घेऊन गेले. त्याच दुकानात. तिनं एक बॅग उचलली, उलटी केली, पट्ट्याची शिलाई बघितली. ते माझं बघून शिकली असेल. पण मग तिनं ती पाठीवर टाकली आणि दुकानाच्या मधोमध उकिडवी बसली. हात न टेकता उठली. तिला हे कोणी सांगितलं? आपण बॅग घेतली तेव्हा ती सोबत नव्हती. तलावावर लहानपणी तुमच्या बाजूला बसायची, तेव्हाच काही अंगात मुरलं असेल. मी चप्पल शोधायच्या निमित्तानं बाहेर आले आणि रस्त्यावर उभी राहून रडले. बॅग न घेताच आम्ही घरी आलो.

येताना बसमध्ये ती एवढंच म्हणाली, "आई, मले नवी नोको. बाबा मले त्या बॅगेत भेटते."

काल युनूसभाई आले. तुमच्यानंतर त्यांनी गळाला हात लावला नाही, त्यांचं गॅरेज आणि घर, बस. माझ्यासमोर नीट बसतही नाहीत. तो कायदा आपणच शिकवला, हे त्यांच्या मनातून जात नाही. मी कधी त्यांना शब्दानं दुखवलं नाही, पण तुमचा काही दोष नाही असंही म्हटलं नाही. तेवढं मन माझं मोठं नाही. पल्लवीनं त्यांना विचारलं, काका, मला नेता का? त्यांनी खुंटीवरच्या बॅगेकडे बघितलं. मग म्हणाले, "नेतो. पण पहिले आईले सांगाचं, कुठी चाललो थे. मंग बॅग उचलाची. मासोळी नाही आली तं नाही आली, बेटा."

एवढं बोलून त्यांनी डोळ्यांना रुमाल लावला. मी आत जाऊन चहा टाकला. दूध होतं तरी काळाच केला, इतकं माझं लक्ष ठिकाणावर नव्हतं. त्यांनी तो तसाच प्यायला.

म्हणून आज बॅग खाली काढली. धुतली नाही. गळाला लावायच्या कणकेच्या गोळ्यांचा वास आहे तिला अजून. एका गिऱ्हाइकाच्या ब्लाऊजचं शेंदरी कापड उरलं होतं, डोळ्यात खुपेल असं. ते मी बॅगेच्या पाठीवर लावायला घेतलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. काय जाड कापड घेतलं होतं हो आपण! मशीनची सुई मोडली. दुसरी लावली, तीही मोडली. शेवटी हातानंच शिवलं, दाभणानं, चारही बाजूंनी दुहेरी आणि मध्ये फुली. बोटं सोलली आहेत, म्हणून अक्षर असं आलं. आता ती बॅग कुठल्याही काठावरून दिसेल. मासे घाबरले तर घाबरू देत.

तुम्हाला आवडणार नाही, मला माहीत आहे. रुसायचं तर रुसा. एकदा माझंही ऐका.

मी तुम्हाला वचन देते. पोरीला अडवणार नाही. उद्या डब्बा भरीन, तुमचाच, वांग्याची भाजी आणि भाकरी. आणि ती उंबऱ्यात आली की दुसरीकडे बघणार नाही. तिच्या तोंडाकडे बघून, पाण्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचारीन, कुठं चालली? उद्याच नाही, दर वेळी. या घरातून निघणाऱ्या प्रत्येकाला विचारीन.

आणि मी तिकडे आले की पहिलं तुम्हाला विचारणार आहे. त्या दिवशी कुठं चालले होते हो?

तुमचीच,
सुनंदा